पीसीओएसची नोंद कार्डावर हवी

महोदय,

पीसीओएसच्या (पाळी अनियमित करणारा हार्मोन्सचा विकार) गोळ्या घेतलेली मुलगी गरोदर राहिली, की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि जुनी फाइल माळ्यावर जाते. माझ्या भाचीचं तसंच झालं. खरं तर अशा स्त्रियांना गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी; याला ‘दगदग झाली असेल’ म्हणून कसं चालेल? दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. तिथे पहिल्याच भेटीत ‘आधी पीसीओएस होता का?’ एवढं विचारून उत्तर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावं. जमल्यास लाल पेनाने.

— एक वाचक, सातारा