विषय: मिडी चालतं सांगून विकलं, विंडोज ९८ मध्ये एक सूर निघत नाही

तुमच्या सपोर्टचा फोन आत्ताच ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. हे पत्र ज्यांनी हे व्हर्च्युअल मशीनचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवायचं, सॉफ्टवेअर बनवलं त्यांनी वाचावं. परत सपोर्टकडे ढकलू नका, तिथे बोलून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

तुमच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहून आहे की विंडोज ९५ आणि ९८ साउंड ब्लास्टर १६ या साउंड कार्डासकट चालतात, मिडी, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा हे सांगणारे मेसेज, सपोर्टेड. त्या "मिडी सपोर्टेड" वर मी पैसे भरून लायसन्स घेतलं, नाही तर फुकटचे पर्याय काही कमी नव्हते.

मी नागपुरात कीबोर्ड वाजवतो, कार्यक्रमांचं अरेंजमेंट करतो. आमच्या सरांनी नव्वदच्या दशकात विंडोज ९८ वर एका सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे मिडीत गाणी भरून वाजवायच्या प्रोग्राममध्ये, शेकडो गाणी बसवून ठेवली होती, व्हायोलिनच्या ओळी, ढोलकीच्या जागा, सगळं हातानं वाजवून भरलेलं. सर आता नाहीत. फायली त्या सिक्वेन्सरच्या स्वतःच्या फॉरमॅटमधे आहेत आणि त्याचा सेटअप १६ बिटचा आहे, म्हणजे आजच्या ६४ बिट विंडोजवर तो सुरूच होत नाही. एक्सपीवर पण जमत नाही, कारण त्याला व्हीएक्सडी नावाचा जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर लागतो आणि तो ९८ च्या घराण्याबाहेर चालत नाही. म्हणून व्हर्च्युअल मशीन. देशपांडे सभागृहातल्या कार्यक्रमात सरांचीच अरेंजमेंट वाजवायची असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं आहे, म्हणून हे सगळं करून राहिलो.

आता काय होतं ते सांगतो. ९८ चढतं, सिक्वेन्सर चढतो, सरांचं गाणं उघडतं. डिव्हाइस मॅनेजरमधे पिवळी खूण कुठेच नाही, मल्टिमीडियाच्या सेटिंगमधे एसबी१६ मिडी आउट ३३०, म्हणजे कार्डाचा मिडी बाहेर पाठवायचा पोर्ट, दिसतं, तेच निवडलेलं आहे. प्ले दाबलं की काउंटर पळतो, सगळ्या ट्रॅकचे मीटर वरखाली होतात, दहाव्या चॅनलवर तालाचे ठोके नाचताना दिसतात, आणि स्पीकरमधून काहीही नाही. मी होस्टवर, म्हणजे माझ्या खऱ्या लॅपटॉपवर, मिडी मॉनिटर लावून पाहिला, त्यात एक मेसेज येत नाही. म्हणजे गेस्टनं, आतल्या ९८ नं, ३३० वर पाठवलेलं नोट ऑन, सूर सुरू करायचा मेसेज, तुमच्या सॉफ्टवेअरमधेच मरतं, माझ्या स्पीकरपर्यंत यायचा प्रश्नच नाही. हे सगळं मी तुमच्या तिकिटात फोटोसकट टाकलं होतं. ते कोणी उघडून तरी पाहिलं का?

आता आजचा फोन. पोरगा म्हणतो, "सर, विंडोज का स्टार्टअप साउंड आ रहा है ना?" मी म्हटलं हो, येतो. "तो सर साउंड वर्किंग है." मी त्याला शांतपणे सांगितलं की भाऊ, तो वेव्ह आहे, रेकॉर्ड केलेला आवाज. मिडीमधे आवाज नसतोच, त्यात फक्त कोणता सूर, किती जोरात, कधी सोडायचा एवढंच असतं, कागदावर लिहिलेल्या स्वरलिपीसारखं, ते वाजवायला समोर कोणीतरी लागतं. तो म्हणाला एक मिनिट सर, आणि होल्डवर टाकलं. होल्डचं म्युझिक मात्र व्यवस्थित चालू होतं. परत आला तर म्हणे, "सर, आप फाइल को एमपी३ में कन्वर्ट कर लीजिए." अहो, वाजतच नाही ती गोष्ट कन्व्हर्ट कशातून करू? म्हटलं सीनियरला द्या. सीनियर आले, त्यांनी माझं नाव पण विचारलं नाही, सरळ म्हणाले, "सर, इतना पुराना सिस्टम आजकल कौन यूज करता है?" तुमच्या वेबसाइटवर तेच विकून राहिले ना तुम्ही! मग मलाच विचारतात कोण वापरतं? मी गप्पच झालो, इतका अपमान वाटला, कारण मी काही उधार मागत नव्हतो, पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल विचारत होतो. फोन ठेवायच्या आत मेसेज आला, तिकीट रिझॉल्व्ड.

याच्या आधी तुमच्या माणसानं रिमोटवर येऊन एक्सपीचं मशीन उघडलं, त्यात एक मिडी फाइल वाजवून दाखवली आणि म्हणाला देखिए सर, चलता है. ते तुमच्यामुळे चालत नाही हो. एक्सपीमधे मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सॉफ्टवेअर सिंथ आहे, जीएस वेव्हटेबल, रोलंडच्या आवाजांची तीनेक एमबीची फाइल घेऊन तोच सगळं वाजवतो आणि तयार वेव्ह तुमच्या नकली एसी९७ कार्डाला देतो. तुम्ही फक्त ती वेव्ह पुढे ढकलता. साउंड ब्लास्टर १६ वर ९८ मधे मिडी एक तर कार्डावरच्या चिपमधून वाजतं नाही तर एमपीयू-४०१, म्हणजे त्याच ३३० वाल्या मिडी पोर्टमधून बाहेर जातं, आणि तुमच्याकडे दोन्ही नाही.

खरं साउंड ब्लास्टर १६ कार्ड १९९२ चं. त्यावर यामाहाची सूर काढणारी ओपीएल३ चिप होती, ३८८ नंबरच्या पोर्टवर बोलायची, आणि एमपीयू-४०१ चा पोर्ट पण होता. तुम्ही त्यातला वेव्हचा अर्धा भाग बनवला आणि नाव पूर्ण कार्डाचं लावलं. वर ड्रायव्हरला पोर्ट आहे असं भासवता, म्हणून माणूस तासन्‌तास सेटिंगच उलटीपालटी करत बसतो. पोर्ट दिसलाच नसता तर मी पहिल्याच दिवशी पैसे परत मागितले असते.

एकानं तर सांगितलं की मिडी दिलं तर परफॉर्मन्स जातो. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आहे, १९८३ पासून तोच. एक नोट ऑन म्हणजे तीन बाइट. एवढ्यानं आजचा लॅपटॉप दमतो हे मला सांगू नका. जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं डॉसबॉक्स फुकट आहे, २००२ पासून आहे, त्यात ३३० वर आलेला मेसेज सरळ होस्टच्या मिडीला जातो, माझ्या याच लॅपटॉपवर जातो. ८६बॉक्स नावाच्या जुने पीसी उभे करणाऱ्या फुकट प्रोग्राममधे तर विंडोज ९८ सुद्धा मिडीसकट चालतं, फक्त ते पूर्ण प्रोसेसर सॉफ्टवेअरमधे उभा करतं म्हणून माझ्या मशीनवर गाणं अडखळतं. फुकटात लोकांनी मनापासून केलं ते पैसे घेऊन तुम्हाला काहून जमत नाही?

मला काय पाहिजे ते सांगतो. एमपीयू-४०१ वर आलेलं होस्टच्या मिडी पोर्टला पाठवायची सोय द्या, साधा युएआरटी मोड, म्हणजे आलेला मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवणं, पुरेसा आहे, बाकी आवाज मी माझ्या साउंडफॉन्टनं, वाद्यांच्या आवाजांच्या फाइलनं, काढून घेईन. ते जमत नसेल तर लायसन्सचे पूर्ण पैसे परत करा आणि वेबसाइटवरून "मिडी सपोर्टेड" काढा, म्हणजे दुसरा कोणी फसणार नाही. आणि ते तिकीट पुन्हा उघडा, ते रिझॉल्व्ड नाही, काहीच रिझॉल्व्ड झालेलं नाही.

नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करीन आणि नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते आणि दिशाभूल करणारी जाहिरात कशाला म्हणतात हे पण त्यात लिहून आहे. तुमच्या वेबसाइटचे फोटो मी काढून ठेवले आहेत, आज रात्री ती ओळ गायब केली तरी चालेल.

खूप वर्षं तुमचं सॉफ्टवेअर मी चार लोकांना सांगत आलो, ग्रुपमधल्या दोघांनी माझ्या शब्दावर घेतलं पण. त्यांना आता काय सांगू ते तुम्हीच कळवा. उत्तर लेखी द्या आणि ज्याला एमपीयू-४०१ काय असतं ते माहीत आहे त्यानंच लिहा. मला फोन करू नका.