टाच वळते तेव्हा

लष्कर, ग्वाल्हेर
१२ जानेवारी

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

सोबतच्या पिशवीत मोजे आहेत. मागच्या जोडीचं काय झालं ते मी विसरलेले नाही, पण रागावलेलेही नाही, हे आधीच सांगून टाकते. दिवाळीला व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागे दोरीवर एवढासा मोजा लटकलेला दिसला, तेव्हा क्षणभर मी घाबरलेच. याच्या घरात तान्हं बाळ कुठून आलं? मग तू मान खाली घालून कबूल केलंस की ते माझेच, मशीनमध्ये साठ डिग्रीवर फिरून आलेले. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यात तुझी चूक अर्धीच. ती लोकर मी बाड्यावरच्या बाजारातून आणलेली, स्वेटरची, निव्वळ लोकर. लोकरीच्या केसाला माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकदम मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. नमदा, म्हणजे लोकरीचं जाड घट्ट कापड, असाच करतात, फक्त मुद्दाम करतात. तुझ्याकडून चुकून झाला. आता तू पाठवलेली लोकर खास मोज्यांचीच आहे, ७५ टक्के लोकर नि २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅमला ४२० मीटर. नायलॉन घालतात ते टिकण्यासाठी, कारण मोजा आधी टाचेला आणि अंगठ्याशी विरतो. ही मशीनमध्ये चालेल, पण ४०च्या वर नेऊ नकोस. आणि पुन्हा पाठवलीस तर गडद निळी नको रे बाबा. दुपारी चारनंतर एक टाका दिसत नाही. अर्धा मोजा मी गच्चीत उन्हाकडे पाठ करून विणलाय.

वेष्टनावर अडीच मिलिमीटरच्या सुया लिहिल्या होत्या. आपल्याकडे नंबर उलटे चालतात, आकडा मोठा तितकी सुई बारीक. १२ नंबर म्हणजे पावणेतीन मिलिमीटर, १३ म्हणजे सव्वादोन. मधलं काहीच नाही. शेवटी एक चौकोन विणून पाहिला. माझा हात घट्ट, त्यामुळे १२ नंबरवरच १० सेंटिमीटरला ३० टाके आले, वेष्टनावर होते तेवढेच. तुझ्या पायाचा घेर तू दोऱ्याने मोजून २४ सेंटिमीटर कळवलास, म्हणून मी २१च्या आसपास धरला. मोजा पायापेक्षा थोडा लहानच लागतो, ताणून बसला नाही तर बुटात गोळा होतो. ६४ टाके घातले.

तुझ्या पणजीकडे हा हिशेब नव्हता. तिच्या सुया सायकलच्या स्पोकच्या होत्या, दोन्ही टोकं पाट्यावर घासून केलेल्या. अजून आहेत माझ्याकडे, मोजून पाहिल्या तर बरोबर दोन मिलिमीटर. घरातल्या बायकांसाठी ती अंगठा वेगळा असलेले मोजे विणायची, चपलेत घालता यावेत म्हणून. त्यात एक भानगड होती, जोडवी. जोडवी मोज्याला आतून कातरतात. म्हणून ती दुसऱ्या बोटाशी धागा दुहेरी घ्यायची. हे कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

चार सुयांवर १६-१६ टाके आणि पाचवीने विणायचं, यात पहिले दोन दिवस जीव मेटाकुटीला येतो. साळिंदर हातात धरल्यासारखं वाटतं. दोन सुयांच्या सांध्यावर धागा सैल राहिला की तिथे वरपासून खालपर्यंत शिडी पडते. मग नव्या सुईचे पहिले दोन टाके ओढून घ्यायचे, तेवढी एक सवय लागली की जमतं. डिसेंबरात तानसेन समारोहाचं गाणं ऐकायला हजिऱ्याला, तानसेनाच्या समाधीपाशी गेलो होतो, तिथेही पिशवीत मोजा नेला. स्वेटर मांडीवर पसरतो, मोजा पर्समध्ये मावतो, मला हे फार आवडतं. विलंबित चालू होता आणि माझी एक सुई निसटून शेजारच्या बाईंच्या शालीखाली गेली. गाण्यात वाकून हुडकायचं कसं? ते १६ टाके चिमटीत धरून मी द्रुत संपेपर्यंत बसले. बाबांना वाटलं मी डोळे मिटून रंगून गेलेय.

आता टाचेचं सांगते. त्याचसाठी खरं तर पत्र लिहायला बसले, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं अंगठ्याने लिहवत नाही. घोट्यापर्यंत नुसती नळी, ती कोणीही विणेल. पण पाय घोट्याशी वळतो, मग नळी कशी वळवायची? निम्मे ३२ टाके थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या ३२वर मागेपुढे ३२ ओळी विणायच्या. खिशाच्या झाकणासारखी पट्टी लोंबू लागते. ओळीचा पहिला टाका दर वेळी न विणताच उचलायचा, म्हणजे दोन्ही कडांना १६-१६ साखळ्या पडतात. मग १८ सुलट, दोन एकत्र, एक सुलट, आणि सुईवर ११ टाके बाकी असताना तिथूनच मागे फिरायचं. अर्ध्या रस्त्यातून परतायचं! माझा हात पहिल्यांदा तिथे थांबेचना, इतकं ते चुकीचं वाटतं. उलट बाजूने एक उचलून पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा परत. दर फेरीला एकेक टाका पुढे जायचं. बारा-चौदा ओळींत सुईवर १८ टाके उरतात, आणि बघावं तर पट्टीला वाटीसारखा खोलगा आलेला असतो. कापलेलं नाही, शिवलेलं नाही.

पहिल्यांदा जमलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, बाहेर कोहरा, बाबा रजईत. त्यांना उठवून दाखवलं. त्यांनी बोट आत घालून पाहिलं. म्हणाले, "जोड कुठे आहे?" मी म्हटलं, एकच धागा आहे हा, वरपासून. मग चष्मा लावून परत पाहिलं.

पुढे नुसतं गणित. १८, कडांचे १६ नि १६, थांबलेले ३२, असे ८२ होतात, ते एकाआड एक फेरीत दोन-दोन घटवून नऊ वेळा कमी केले की परत ६४. कोपऱ्यात भोक पडतं, तिथे एक टाका जास्त उचलायचा. माझ्या मागच्या जोडीला ती भोकं होती, तुला दिसली नसतील.

बोटांकडे टाके बंद केले तर काठ येतो आणि बुटात टोचतो. म्हणून शेवटचे टाके सुईदोऱ्याने असे जोडतात की जोडसुद्धा विणलेलाच दिसतो. त्याला किचनर टाका म्हणतात. मी बरेच दिवस समजत होते की किचनशी काही संबंध असेल! नाव लॉर्ड किचनरचं निघालं, १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात इंग्रजांचा सरसेनापती होता तो. मला तो टाका अजूनही मनात म्हणत म्हणत घालावा लागतो, मध्ये कोणी हाक मारली की संपलं. त्या अर्ध्या तासात दूधवाल्यालाही मी उत्तर दिलं नाही.

दुसरा मोजा मात्र शिक्षा असते. पहिला झाला की मन म्हणतं झालं काम. अकरा दिवस सुया तशाच पडल्या होत्या. शिवाय मागे एकाची लांबी बोटभर कमी आली होती, नुसत्या नजरेने विणलं की असंच होतं. या वेळी विजेच्या बिलाच्या पाठीवर दर दहा फेऱ्यांना एक रेघ मारली. बाबांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब केला, एका मोज्यात दहा हजारांच्या वर टाके आहेत. बाड्यावरचा दुकानदार मला म्हणाला होता, "आंटीजी, सौ के तीन जोड़ी मिलते हैं।" तेही खरंच. त्याला काही उत्तर दिलं नाही, सुया घेतल्या आणि आले. टाच वळते ती शंभरात मिळत नाही, पण हे त्याला कुठे सांगत बसू?

उजव्या-डाव्याचा फरक नाही, कुठलाही कुठल्याही पायात घाल. एकाच्या घोट्याशी एक टाका उलटा पडलाय. आठ फेऱ्या पुढे गेल्यावर दिसला, उसवला नाही. उरलेली लोकर पुठ्ठ्याला गुंडाळून सुईसकट ठेवलीय. टाच विरळ दिसू लागली की लगेच रफू कर, भोक पडेपर्यंत थांबू नकोस. आणि जपून कपाटात ठेवू नकोस, मला फोटोत पायात दिसायला हवेत.

तिळगूळ घे. एका मोज्यात बाबांनी गजक कोंबलीय, मला न विचारता. घालण्याआधी काढ, आणि मोजा उलटा करून झटक, बोटांकडे तीळ अडकले असतील.

तुझी
आई