खोताच्या वाडीतलं सागवानी घर सावरायला हातभार लावा

सप्रेम नमस्कार,

गिरगावातल्या खोताच्या वाडीतलं एक व्हिक्टोरियाकालीन घर येत्या पावसाळ्याआधी दुरुस्त करायचं आम्ही रहिवाशांनी मनावर घेतलं आहे. त्यासाठी आपली मदत हवी आहे.

घर दुमजली, सागवानी सांगाड्याचं. पुढे व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना, छपराच्या कडेला कातीव लाकडी झालर. गेल्या पावसाळ्यात पन्हळ फुटली आणि पाणी भिंतीत मुरत राहिलं. मागची तुळई भिंतीत शिरते तिथे आज बोट लावलं की लाकडाचा भुगा हातात येतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथल्या जागा ईस्ट इंडियन कुटुंबांना दिल्या आणि वाडी वसली. ही मंडळी इथलीच, मराठी बोलणारी ख्रिस्ती. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. वाडीत एकेकाळी 65 च्या आसपास घरं होती. आज निम्मीही उरलेली नाहीत.

सिमेंट मारून मोकळे का होत नाही, असं बरेच जण विचारतात. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडून ठेवतो आणि ती ओल लाकडाला खाते. चुन्याची भिंत भिजते तशी वाळतेही. म्हणून चुना, साग आणि मंगलोरी कौलं यांतच काम करायचं ठरलं आहे. ते खर्चिक आहे, आणि असं काम येणारे गवंडी-सुतार आता शोधावे लागतात. मुंबईत 1995 मध्ये जुन्या वास्तू जपण्यासाठी वारसा नियमावली आली, तिचा मोठा आधार आहे. पण दुरुस्तीचा पैसा घरमालकालाच उभा करावा लागतो. या घराच्या मालकीण असलेल्या दोन वृद्ध बहिणींना पेन्शनमधून ते झेपणारं नाही. तरीही घर विकायला त्यांनी ठाम नकार दिला, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो.

आपण यथाशक्ती देणगी द्यावी. रोख नको, धनादेश द्या. पावती लगेच मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला वाडीतल्या फळ्यावर लागेल. गिरगावातल्या जुन्या चाळी पाडताना निघणारं बर्मी सागवान कुणाकडे असेल तर तेही हवं आहे, कारण तसं लाकूड आता नव्यानं सहज मिळत नाही. आणि या घरांचे, व्हरांड्यांतल्या लग्नकार्यांचे जुने फोटो असतील तर पाहायला द्या. झालरीचा तुटलेला भाग त्यांवरून पुन्हा कातता येईल.

कौलं उतरवण्याचं काम मे महिन्यात सुरू करायचं आहे, तेव्हा मदत त्याआधी पोचली तर बरं.

आपले,
खोताच्या वाडीतले रहिवासी