मरता मरता वाचलेल्यांची मोजणी

संपादक महोदय,

बाळंतपणात बाई दगावली की माता मृत्यू अन्वेषण समिती बसते, केसपेपर तपासले जातात. ते व्हायलाच हवे. पण २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता मृत्यू होते. म्हणजे वर्षाला दहा हजार बाळंतपणे होणाऱ्या शहरात तीन-चार. एवढ्या केसपेपरांवरून नेमके कुठे अडते ते समजत नाही. ते समजते मरता मरता वाचलेल्या बायकांच्या कागदांवरून. या ‘नियर मिस’च्या परीक्षणासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१४ सालीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

ठाणे जिल्ह्यात अडचण वेगळीच. इथे सहा महापालिका, शिवाय शहापूर-मुरबाडचा ग्रामीण पट्टा. रक्तस्राव सुरू होतो एका ठिकाणी, रक्त चढते दुसऱ्या ठिकाणी आणि गर्भपिशवी काढली जाते मुंबईत. पहिल्या दोन रजिस्टरांत ‘रेफर’ एवढाच शेरा, तिसरीकडे ‘बाहेरून आलेली’. बाई एक, मोजली तर दोनदा, नाहीतर एकदाही नाही. माता-बाल संरक्षण कार्डावरचा आरसीएच क्रमांक (गरोदर बाईच्या सरकारी नोंदणीचा) प्रत्येक रेफरल चिठ्ठीवर आणि रक्ताच्या मागणीपत्रावर लिहिला, तर हे तुकडे जुळतात. गुंतागुंत जिथे सुरू झाली तिथल्या खात्यावर केस मांडावी.

कोणाला मोजायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत पाच किंवा जास्त पिशव्या रक्त, गर्भपिशवी काढणे, भुलीखेरीज तासभर व्हेंटिलेटर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) ३.५ किंवा जास्त, प्लेटलेट ५० हजारांखाली अशा गोष्टी आहेत. पण जिथे व्हेंटिलेटर नाही, रात्री लॅब बंद, तिथे हे निकष लावले की आकडा शून्यच येणार, आणि तोच दवाखाना सर्वांत सुरक्षित ठरणार! लहान ठिकाणी खाटेजवळ दिसणारी लक्षणे धरावीत: झटके, लिटरभर रक्त जाणे, नाडीचा आकडा वरच्या बीपीपेक्षा मोठा होणे.

आता हे ‘लिटरभर’ ठरवायचे कसे? नजरेने अंदाज केला की तो बहुतेक कमीच निघतो. रक्त चादरीत मुरते, बादलीत गर्भजलात मिसळते आणि कागदावर ‘३०० मिली’ उतरते. बाळ बाहेर येऊन पाणी वाहून गेल्यावर बाईच्या खाली खुणा केलेली मोजपिशवी सरकवावी. ती नसेल तर भिजलेले पॅड वजनकाट्यावर ठेवून कोरे वजन वजा करावे. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. कोऱ्या पॅडचे वजन लेबर रूमच्या भिंतीवर लिहून ठेवले की झाले. आफ्रिकेतील चार देशांतल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशी मोजपिशवी आणि सगळे उपचार एकदमच सुरू करण्याची पद्धत यांमुळे तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले.

केस शोधताना डॉक्टरांच्या आठवणीवर विसंबू नये. रक्तपेढीचे वाटप रजिस्टर, शस्त्रक्रियागृहाचे आणि आयसीयूचे रजिस्टर महिन्यातून एकदा शेजारी ठेवून पाहिली की लेबर रूमच्या वहीतून निसटलेल्या केस सापडतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून प्रसूती रुग्णालयांना दरमहा ठरावीक गुंतागुंतींबद्दल विचारले जाते आणि एकही केस नसली तरी ‘नाही’ असे कळवावे लागते. आपल्याकडे न आलेला अहवाल म्हणजे शून्य असे धरून बेरीज केली, तर तिला अर्थ नाही.

खासगी नर्सिंग होम वगळून हे होणार नाही. शहरांत त्यांची नोंदणी महापालिकेकडेच असते. पण आज पाठवलेला फॉर्म उद्या नोटीस होऊन परत येईल, अशी धास्ती असेल तर कोणी खरे लिहिणार नाही. परीक्षणाच्या टेबलावर बाईचे, डॉक्टरचे, दवाखान्याचे नाव नसावे; फॉर्म कोणाचा हे जुळवणारा क्रमांक एकाच अधिकाऱ्याकडे राहावा.

फॉर्म एक पानाचा पुरे, पण त्यात वेळेचे पाच रकाने हवेतच: गुंतागुंत लक्षात आली, रेफरचे ठरले, रुग्णवाहिका निघाली, पुढच्या रुग्णालयात पोचली, रक्ताची पहिली पिशवी लागली. आजच्या चिठ्ठ्यांवर बहुधा तारीख असते, वेळ नसते.

— एक स्त्रीरोगतज्ज्ञ, ठाणे