रविवारच्या बैठकीची आठवण

मंडळी, नमस्कार. येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता रामबागेत, नेहमीच्याच घरी जमायचं आहे. या वेळी श्रुतिकांवरून, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांवरून, बेतलेला कथासंग्रह वाचायला घेतलाय. लेखकाचा हात आकाशवाणीवर बसलेला, त्यामुळे संवाद खटकेबाज. पण रेडिओवर नुसती दाराची कडी वाजवून भागायचं, तिथे पुस्तकात अख्खा परिच्छेद खर्ची पडलाय. मला हे भरताड वाटलं. पटत नसेल तर खुशाल भांडा. पहिल्या तीन कथा तरी वाचून याच. त्यातली एक आवाज वाटून घेऊन वाचू. मालवा हाउसच्या, म्हणजे इंदूर आकाशवाणीच्या, माइकसमोर बसलेल्या ज्येष्ठांनी निवेदक व्हावं, ही विनंती. प्रत एकच फिरतेय, वाचून झाली की लगेच पुढे द्या आणि पानं दुमडू नका. पोहे आणि वर भुरभुरायला जिरावण मसाला आहेच, शेव कोण आणतंय ते शुक्रवारपर्यंत कळवा.