४८ हजारांचं कोटेशन आणि नळाच्या मुंग्या

ती. बाबा आणि आई,
सा. न.

गच्चीवरचं पाणी तापवायचं जुनं सोलर गंजलंय आणि नवीन घ्यायचं कोटेशन आलंय, त्याबद्दल बोलायचंय. हे सगळं फोनवर सांगायला गेले असते तर बाबा तुम्ही "हो, हो, बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई तू "जेवलीस का" विचारलं असतंस, म्हणून लिहूनच पाठवतेय. शेजारच्या पोराकडून प्रिंट काढून घ्या, मोबाइलवर डोळे ताणत बसू नका. आणि शुद्धलेखन तपासायचं नाही, मोबाइलवर टाइप करतेय, चुका असणारच.

आधी एक सांगा, सकाळी सांगितलं तसा सोलरच्या बॅकअपचा, म्हणजे आतल्या विजेच्या कॉइलचा, एमसीबी (मेन बोर्डावरचा सेफ्टी स्विच) खाली पाडलाय ना? न्हाणीबाहेरचं बटन बंद केलंय म्हणजे झालं असं समजू नका. आपलं वायरिंग आजोबांच्या वेळचं, ते बटन फेजवर आहे की न्यूट्रलवर कोणी बघितलंय? न्यूट्रलवर असलं तर बटन बंद करूनही आतल्या कॉइलपर्यंत करंट असतोच. मेन बोर्डावर जाऊन खाली पाडा आणि वर सेलोटेप चिकटवा, नाहीतर कामवाली उचलून ठेवेल.

आता कोटेशनबद्दल. बाबांनी पाठवलेला फोटो मी झूम करून करून तीनदा वाचला. २०० लिटरचं सोलर ३२,०००, स्टँड ३,५००, पाइप आणि फिटिंग ६,०००, लेबर ५,०००, जुनं काढून नेणे १,५००, आणि खाली 'इतर' म्हणून २,०००. झाले ५०,०००, त्यात दिवाळी ऑफर म्हणून ४८,०००, पण ॲडव्हान्स लगेच सत्तर टक्के. अक्षर मात्र सुंदर आहे, तुमच्या विद्यार्थ्याचा मुलगा शोभतो. आणि मला माहितीये बाबा, तुम्ही तिथेच अडकलाय, की गुरुजी म्हणून पाया पडतो त्याला आता हिशेब कसा विचारायचा. तुम्ही नका विचारू, मी विचारते, माझ्या कुठे कोण पाया पडतं.

तो फसवतोय असं मी म्हणत नाही हं. त्याने जुनं मशीन बघितलं २०० लिटरचं, तर नवंही २०० लिटरचंच लिहून दिलं, घरात माणसं किती असं विचारलंच नाही. ते सोलर बसवलं ते दादाच्या लग्नाच्या वर्षी, तेव्हा घरात आजी होती, काका-काकू होते, आम्ही दोघं, सकाळी न्हाणीसमोर रांग असायची आणि शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला कोमट यायचं. आता दादा दुबईला, मी पुण्यात, घरात तुम्ही दोघं. आम्ही सगळे जमतो ते गणपतीत चवथीला आणि मे महिन्यात, धरून चला वर्षाचे वीस दिवस. त्या वीस दिवसांसाठी उरलेले सव्वाअकरा महिने २०० लिटर गच्चीवर तापवत ठेवायचं का, मे महिन्यात तर आम्ही गार पाण्यानेच आंघोळ करतो!

बाबा, पेन्सिल घ्या. आपल्याकडे नळाचं पाणी साधारण २७ डिग्री असतं, डिसेंबरात थोडं कमी. आंघोळीला ४० डिग्री म्हणजे चांगलं कडक. २० लिटरची बादली १३ डिग्रीने तापवायला पाव ते एक तृतीयांश युनिट लागतं, दोन बादल्यांना साधारण ०.६ युनिट, वाया जाणारी उष्णता वगैरे धरून एक युनिट म्हणा. महिन्याला ३०. युनिटला पाच रुपये धरले तर दीडशे रुपये झाले, तुमच्या बिलावर कमीच असेल कदाचित, बघा. म्हणजे महिन्याचे दीडशे वाचवायला ४८,००० घालायचे. भागाकार मी केला, ३२० महिने येतात, सव्वीस वर्षं आणि वर आठ महिने. तुम्ही आत्ता ७४. पैसे वसूल होतील तेव्हा शंभरी ओलांडलेली असेल, आणि मला तुम्ही तेवढे हवेच आहात, पण ते सोलर तेवढं टिकायचं नाही.

शिवाय जूनपासून सप्टेंबरपर्यंत गोव्यात ऊन कुठलं? त्या चार महिन्यांत सगळा भार बॅकअपच्या कॉइलवर, आणि खरी गोम तिथेच आहे, कारण कॉइल काही दोन बादल्या तापवत नाही, ती अख्खी टाकी तापवते. २०० लिटर पाणी ५० डिग्रीपर्यंत न्यायचं तर सव्वापाचच्या वर युनिट जातात, दोन बादल्यांच्या आंघोळीसाठी. मागच्या जुलैचं बिल बघून बाबा तुम्ही वीज खात्यावर चिडला होता ना, आठवा.

मग काय घ्यायचं? १५ लिटरचा साधा इलेक्ट्रिक गिझर, २ किलोवॅटचा. आई म्हणेल एवढासा? अगं, त्यात पाणी ६० डिग्रीला तापतं आणि आपण त्यात गार घालतोच, १५ लिटरमधून ४० डिग्रीच्या जवळजवळ दोन बादल्या निघतात, तापायला सतरा-अठरा मिनिटं. पुण्यात थंडीत गार पाणी फारच गार असतं म्हणून आम्हाला २५ चा लागतो. तुम्हाला १५ पुरून उरेल. चवथीला आम्ही आलो की पाळीपाळीने तापवू, नाहीतर चुलीवर पाणी तापवायचं भाण आहेच.

दुकानदार ८ बारचा, हाय-राइजवाला, म्हणजे उंच बिल्डिंगसाठीचा, मॉडेल दाखवेल आणि त्याचे पैसे जास्त सांगेल. ८ बार म्हणजे ८० मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याचा दाब. आपली टाकी न्हाणीच्या वर जेमतेम दहा फूट, म्हणजे ०.३ बार. तोच सेलमध्ये स्वस्त मिळाला तर घ्या, त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. त्यापेक्षा वीजबचतीचे बीईईचे स्टार बघा आणि वॉरंटी नीट वाचा, टाकीची वेगळी असते, कॉइलची वेगळी आणि बाकीच्या मशीनची वेगळी, दुकानदार तोंडाने सगळ्यात मोठा आकडा तेवढा सांगतो. एमआरपीत सगळे टॅक्स आलेले असतात, तेव्हा "बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा" असं म्हणाला तर सरळ उठून यायचं. बिल नाही तर वॉरंटीही नाही.

आता दुसरा पर्याय, ज्याच्यावर बाबा तुम्ही टिक केलीय. "६ लि. गॅस गिझर, ७,५००, लाइट गेली तरी चालतो." पावसात आपल्याकडे लाइट जाते हे खरं, आणि किमतीलाही बरा वाटतो. पण नको म्हणजे नको. कोटेशनवाल्याने तो न्हाणीच्या आतच चित्रात काढून दाखवलाय, दाराच्या वर. आपली जुनी न्हाणी होती तेव्हा वरची कौलं मोकळी होती, धूर हवा सगळं जायचं. आता स्लॅब आहे, एक ॲल्युमिनियमची खिडकी आहे आणि तीसुद्धा आई वारं लागतं म्हणून बंद करते. बंद खोलीत गॅस जळला की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला आधी गरगरतं आणि मग उठवतच नाही. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो म्हणून गळती कळते, हे जळल्यानंतरचं कळतच नाही. दरवर्षी पेपरात अशा बातम्या येतात. त्या टिकवर काट मारा.

आणि आता जे त्या कोटेशनमध्ये कुठेच नाही ते. आई, परवा तू बोलता बोलता म्हणालीस, "हल्ली नळाला हात लावला की मुंग्या येतात, वय झालं गे आता." मी त्या वेळी हसले. रात्री दीड वाजता जाग आली आणि उठूनच बसले. त्या मुंग्या वयाच्या नव्हेत, आई. टाकी आतून गंजली, लाल पाणी येतंय, म्हणजे कॉइलचं कव्हरही खाल्लं गेलं असणार, आणि तिथून करंट पाण्यात उतरतोय. अर्थिंग चांगलं असतं तर तो जमिनीत गेला असता, तुझ्या हाताला कळलंही नसतं. आपलं अर्थिंग म्हणजे मागच्या बाजूला पेरूच्या झाडाखाली पुरलेला तो एक पाइप, त्याची वायर जोडलेली आहे की तुटलीय हेसुद्धा कोणाला माहीत नाही. पावसात चिऱ्याची जमीन ओली असते म्हणून कसंबसं चालतं, मार्च-एप्रिलमध्ये तीच कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावाला उरतं. आजोबा उन्हाळ्यात त्या पाइपापाशी बादलीभर पाणी ओतायचे ते पेरूसाठी असं मी इतकी वर्षं समजत होते.

तर ४८,००० मधली पहिली नोट तिथे लावायची. प्लंबरकडून नाही, लायसन्सवाला वायरमन बोलवा. नवीन अर्थिंग करायचं, मेनला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, करंट गळायला लागला की तो आपोआप पडतो. गिझरला बोर्डापासून वेगळी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ ॲम्पिअरचा सॉकेट, आणि अर्थची वायर खरंच जोडली की नाही हे मीटर लावून दाखवायला सांगायचं, "आहे हो गुरुजी" यावर विश्वास ठेवायचा नाही. हे होईपर्यंत नवीन गिझर लावायचाच नाही, फुकट दिला तरी.

एक आमची फजितीही सांगून टाकते. आमच्या पुण्याच्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी टाइलवर पडायचं, मला घाण वाटायचं, तर मी फिटिंगवाल्याला सांगून तिथे बूच मारून घेतलं. त्यानेही हसत हसत मारलं, शंभर रुपये घेतले. पुढे दुसरा माणूस सर्व्हिसिंगला आला आणि माझ्यावरच ओरडला, की ताई, पाणी तापलं की फुगतं, ते थेंब पडायलाच पाहिजेत, बूच मारून तुम्ही बाथरूममध्ये बॉम्ब टांगलाय. तेव्हा तो व्हॉल्व्ह लावलाय का हे बघा, आणि गळतो म्हणून कोणालाही बंद करू देऊ नका, खाली बारका पाइप सोडून मोरीत काढायला सांगा. त्याच माणसाने आतला मॅग्नेशियमचा रॉड काढून दाखवला होता, आमच्या अंगठ्याएवढा जाड होता तो कुरतडून काडी झाला होता. तो स्वतः गंजतो म्हणून टाकी वाचते. दरवर्षी उघडून बघायचा आणि संपला की बदलायचा. आपल्या सोलरचा कोणी कधी बघितला होता का?

तुमच्या विद्यार्थ्याच्या मुलालाही काम मिळूदे, जुनं सोलर त्यालाच काढायला सांगा. पण बाबा, त्या काळ्या पॅनलच्या आत तांब्याचे पाइप आहेत, भंगारवाला काट्यावर तोलून पैसे देतो त्याचे. म्हणजे तो आपल्याकडून १,५०० घेणार आणि वर तांबंही नेणार. एकतर काढण्याचे पैसे नाहीत, नाहीतर तांबं आपलं, दोन्हीपैकी एक. हे मीच बोलते त्याच्याशी, सांगितलं ना.

आणि दिवाळीच्या आत बसवलं नाही तर अभ्यंगस्नान कसं, हा आईचा प्रश्न येणारच आहे. भाण काय शोभेला ठेवलंय? बाकी वर्षभर तू त्याच्यावर कपडे वाळत घालतेस, पण नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी चिंचेने घासतेस, गळ्याला कारीटाची वेल बांधतेस, पाणी भरतेस, हे आजपर्यंत कधी चुकलंय? सोलर असूनही त्या दिवशी आपण सोडणांच्या (नारळाच्या सुक्या सालांच्या) धुरातच आंघोळ करायचो. ऑफर जाऊदे गेली तर, १५ लिटरच्या गिझरला दिवाळीनंतरही कोणीतरी ऑफर देईलच.

मी दिवाळीसाठी रात्रीच्या बसने निघते, सकाळी फोंड्याला उतरेन. ॲडव्हान्स देऊ नका तोवर. सोडणं परसात भिजली असतील पावसात, ओटीवर आणून पसरा, पण बाबा तुम्ही एकटे उचलू नका, कामवालीला घ्या बरोबर. आणि आई, न्हाणीत पाण्याला हात लावायच्या आधी एमसीबी खालीच आहे ना बघत जा, रोज, माझ्यासाठी.

तुमची,
छोटी