दादा, ते व्हेप मी आणू शकत नाही

कॉव्हेंट्री
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

फराळाचा डबा परवा पोचला. चकल्यांचा अर्धा भुगा झालाय पण चव तीच, भुगा मी चमच्याने खाल्ला. चिवड्याला यंदा मीठ जरा जास्त पडलंय. वहिनीला सांगू नको, आणि सांगितलंसच तर हेही सांग की दोन वर्षांपूर्वी मला ते कळलंसुद्धा नसतं. का ते पुढे येतंय.

त्या दिवशी फोनवर आई आत गेल्यावर तू हळूच म्हणालास ना, येताना ते व्हेप का काय ते, बॅटरीवरची ई-सिगरेट, एक घेऊन ये, त्याने सिगरेट सुटते म्हणे, आणि ओढताना कसं वाटतं ते खरं खरं सांग. तेव्हा शेजारी ऑफिसातली लोकं होती म्हणून मी नुसतं हो हो केलं. आज रविवार, बाहेर पाऊस, जायचं कुठं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पण आधीच सांगून टाकतो, आणता येणार नाही. आपल्याकडे २०१९ पासून बंदी आहे त्याच्यावर, बनवणं विकणं बाहेरून आणणं सगळंच, पहिल्यांदा सापडलो तर वर्षापर्यंत कैद नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तुझ्यासाठी मी तुरुंगात जाईन रे, पण ह्याच्यासाठी नको.

आता कसं वाटतं ते. इथं आलो तेव्हा रोजच्या दहा-बारा होत्या माझ्या, तुला माहितीये. इथं वीसचं पाकीट सोळा पाउंडाच्या आसपास, म्हणजे आपले अठराशे-एकोणीसशे रुपये झाले बघ. पाकीटं सगळी एकाच मळकट हिरव्या रंगाची, कंपनी कुठलीही असो, आणि दुकानात ती दिसतपण नाहीत, काउंटरमागे बंद कपाटात असतात, मागितलं की तो माणूस दार सरकवून काढून देतो, लहानपणी मेडिकलमधे काही लाजिरवाणं मागायला गेल्यासारखं वाटतं. ओढायची तर बिल्डिंगच्या बाहेर. २००७ पासून आत बंदच आहे. आमच्या प्लँटला मागच्या बाजूला बस स्टॉपसारखी एक शेड आहे, जानेवारीत तिथं उभं राहून बोटं इतकी गार पडतात की सिगरेट हातात आहे का नाही तेच कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. तरी मी जायचो. माझ्याबरोबर एक पोलंडचा वेल्डर असायचा, तो तंबाखूचा पुडा घेऊन स्वतःच वळायचा, एका हाताने, वाऱ्यात. ते बघूनच अर्धं समाधान व्हायचं.

मग इथली सिगरेट सोडवायची सेवा असते, फुकट, तिथं गेलो. एका बाईंनी मला नळीत फुंकायला लावलं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात त्यात. माझा आकडा आला १९. त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं मशीन माझ्याकडे वळवून धरलं. तिथून मी व्हेपवर आलो, त्याला दोन वर्षं होतील आता.

पहिला झुरका घेतला तो सिगरेटीसारखाच, जोरात आणि पटकन. दादा, असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी, आणि वर तोंडात ते गोडूस औषधासारखं पाणी आलं. नंतर कळलं की ह्याला ओढायची घाई चालत नाही. आत कापूस असतो, त्याच्याभोवती तारेची गुंडाळी, बॅटरीने तार तापते आणि कापसातलं लिक्विड वाफ होऊन येतं. जोरात ओढलं की नुसतं लिक्विड वर येतं. म्हणून सावकाश, आधी तोंडात घ्यायचं, मग छातीत. सिगरेट ओढणं मला कुणी शिकवलं नव्हतं (तू शिकवलंस, पण ते जाऊ दे), हे मात्र पस्तिसाव्या वर्षी नव्याने शिकावं लागलं.

फरक कुठला विचारशील तर सगळ्यात आधी घसा. सिगरेटीचा धूर घशाला कसा खरवडत जातो, तो जो एक ठोका बसतो ना, तेवढ्यावरच आपल्याला कळतं की आली आत. ह्याच्यात ते वेगळं असतं. साधं निकोटीन असलेलं लिक्विड बारा मिलीग्रॅमचं घेतलं तर घशात बारीक टोचतं, मिरची नुसती जवळून गेल्यासारखं. दुसरा एक प्रकार असतो निकोटीन सॉल्टचा, तो वीसचा घेतला तरी घशाला काहीच कळत नाही, लोण्यासारखा जातो. वीसच्या वर इथं कायद्यानेच विकता येत नाही. मला वाटलं काहीच नाही यात, म्हणून ओढत बसलो, दहा मिनिटांनी घाम आणि मळमळ. पहिल्यांदा तंबाखू खाल्ल्यावर मी शाळेच्या भिंतीला टेकून बसलो होतो बघ, अगदी तसंच.

डोक्यात चढण्याचंही तसंच. सकाळची पहिली सिगरेट दोन-तीन झुरक्यांत डोकं हलकं करते, पायाखालची फरशी जरा सरकते. व्हेप तसं धडकत नाही, मंद आचेवर ठेवल्यासारखं हळूहळू येतं, आणि तलफ मरत नाही, नुसती गप्प बसते. पहिले चार-पाच दिवस मी सगळ्यांवर खेकसत होतो, तोंड आलं होतं, झोप नव्हती. हात तर वेडाच झाला होता, व्हेप हातात असताना बोट आपोआप राख झटकायचं. राखच नाही तर काय झटकतोयस, म्हणून पोलंडवाला हसायचा.

चवीचं एक सांगतो. फळांची, पुदिन्याची, कसली कसली लिक्विडं मिळतात, मी आपलं इमानदारीत तंबाखू फ्लेवर घेतला. अरे तो तंबाखूच नाही! जळक्या साखरेत कुणीतरी खारीक उकळल्यासारखा वास. आपण मामाकडे निपाणीला जायचो तेव्हा तंबाखूच्या वखारीवरून जाताना तो खकाणा नाकात जाऊन कसे शिंकत सुटायचो, त्या माणसाला हे तंबाखू म्हणून विकतायत. मग मी सरळ पेपरमिंटवर आलो, निदान त्यात खोटेपणा नाही. आणि कधी लिक्विड संपलेलं लक्षात आलं नाही आणि ओढलं तर कोरडा कापूस जळतो, ती चव मात्र सांगता येत नाही, चुलीत पडलेली चिंधी चाटल्यासारखं, अर्धा दिवस जात नाही तोंडातून.

चांगलं काय झालं तेही ऐक. दीड-दोन आठवडे खोकला उलट वाढला, बेडके पडले, मी घाबरलो, पण नंतर सकाळचा खोकला गेला तो गेलाच. आमच्या घरात तीन जिने आहेत, ते मी आता न थांबता चढतो. तिसऱ्या आठवड्यात आमटी केली आणि पहिल्या घोटाला कळलं की मी इतके दिवस किती मीठ ओतत होतो. कपाट उघडलं तर जुन्या जॅकेटचा वास आला, मी स्वतःलाच म्हटलं, असा वास घेऊन मी लिफ्टमधे उभा राहायचो? परत त्या बाईंकडे गेलो, नळीत फुंकलं, आकडा २. जाळच नाही म्हटल्यावर कार्बन मोनॉक्साइड कुठून येणार, डांबरपण नाही. म्हणून इथले डॉक्टर ओढणाऱ्याला सांगतात की पूर्ण ह्याच्यावर आलास तर धोका पुष्कळ कमी, शून्य नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण हां, दिवसा व्हेप आणि रात्री जेवल्यावर दोन सिगरेटी असं केलंस तर काय फायदा. आणि न ओढणाऱ्याने ह्याला हातच लावू नये हेही तेच डॉक्टर सांगतात.

पण दादा, खरी गोष्ट पुढे आहे.

सिगरेट संपते. आपण कधी लक्ष दिलं नाही याच्याकडे. पेटवली, पाच मिनिटं ओढली, थोटूक टाकलं, पायाने विझवलं, चल. शिरोली नाक्यावर चहा आणि सुट्टा, दोन्ही एकदमच संपायचे आणि मग तू म्हणायचास चल कामाला लागू. व्हेपला तो शेवटच नाही. त्याला पेटवायचं नाही, विझवायचं नाही, थोटूक नाही. एक झुरका घेतला, खिशात टाकलं, दोन मिनिटांनी परत हात खिशात. पहिल्या सहा महिन्यांत मी ते स्वयंपाक करताना ओढलं, बाथरूममधे, मीटिंगला कॅमेरा बंद करून, पुस्तक वाचताना पानागणिक. रात्री जाग आली की हात उशीखाली. सिगरेट ओढायला कधी रात्री तीनला उठलो होतो का मी? आधी कुणी विचारलं किती ओढतोस तर बारा म्हणून सांगता यायचं. आता काय सांगू? बाटली दहा मिलीची, चार दिवसांत संपायची, एवढंच सांगता येतं.

आणि वास नाही, हा तर त्याचा मोठा गुण म्हणून सांगतात. मला तो आता गुण वाटत नाही. आपण गच्चीवर टाकीमागे ओढायचो, पेरूची पानं चावून खाली यायचो, तरी आईला कळायचंच, ती काही बोलायची नाही, पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवायची फक्त. वास चहाडी करायचा आपली, म्हणून दिवसाला दोन तरी कमी व्हायच्या. ह्याची चहाडी कुणी करत नाही. इथं आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी चौदा वर्षांची, तिच्या दप्तरात ते कलिंगडाच्या चवीचं सापडलं, घरात सहा महिने कुणाला पत्ता नव्हता. यंदा १ जूनपासून वापरा-फेका वाली बंद केली सरकारने, पण दुकानात गेलो तर तशीच दिसणारी, तसल्याच रंगांची, फक्त खाली चार्जिंगचं भोक असलेली मांडून ठेवलेली. तुझ्या धाकट्याच्या कॉलेजातल्या पोरांकडे असतं म्हणालास ना, ते सगळं चोरट्या मार्गाने आलेलं, त्यात निकोटीन किती आणि अजून काय हे कुणी तपासलेलं नाही. तसलं घेऊ नको, त्यालाही विचार एकदा, ओरडू नको फक्त, विचार.

इथं एक अभ्यास झाला होता, २०१९ मधे छापून आला, ८८६ ओढणारे घेतले होते. वर्षाने बघितलं तर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्क्यांची सिगरेट सुटलेली आणि गम-पॅचवाल्यांपैकी ९.९ टक्क्यांची. मला हे त्या बाईंनीच सांगितलं, मी खूश. मग म्हणाल्या, पण व्हेपने ज्यांची सुटली त्यांतले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. मी त्या ८० मधलाच.

मग मी काय केलं, त्याला शेवट लावला. व्हेप आता दारातल्या चपलांच्या स्टँडवर असतं, घरात आणायचं नाही. ओढायचं तर जॅकेट घालायचं, बाहेर पायरीवर उभं राहायचं, पाच मिनिटं, परत आत. लिक्विडातलं निकोटीन वीस मिलीग्रॅमवरून दहावर आणलं, मग सहा, आता तीनवर आहे, घशाला काही लागत नाही, नुसती गरम वाफ. तरी सोडवत नाही हेही खरंय. दिवसातून सात-आठ वेळा जॅकेट चढवतो, शेजारच्या म्हातारबांना वाटतं मला बागेची फार आवड आहे.

आणि शेड सुटली माझी. व्हेपवाल्याला कुणी माचिस मागत नाही रे. सिगरेटीच्या निमित्ताने त्या पोलंडवाल्याशी माझी ओळख झाली, त्याच्या गावचं, बायकोचं, गुडघ्याचं सगळं मला माहीत होतं. आता मी माझ्या पायरीवर एकटा.

तुला काय सांगू? तुझ्या पाकिटावरच सोडवायचा फोन नंबर छापलेला असतो बघ, १८००-११-२३५६, फोन करून बघ, फुकट आहे. आणि मेडिकलमधे निकोटीनची गोळी मिळते, दोन मिलीग्रॅमची, च्युइंगमसारखी. ती चघळत बसायची नाही, जरा चावायची, झणझणली की गालात धरून ठेवायची, परत थोडी चावायची. गालात धरायचं आपल्या कोल्हापूरकरांना शिकवायला नको.

तिकीट झालंय, २० डिसेंबरला मुंबईत उतरतो, रात्रीच्या गाडीने कोल्हापूर. व्हेप इथंच स्टँडवर ठेवून येणार. तीन आठवडे कसे जाणार माहीत नाही, चिडचिड झाली तर वहिनीला आधीच सांगून ठेव. नाक्यावर चहाला येणारच, तू ओढलीस तरी मी शेजारी उभा राहीन, फक्त मागितली तर देऊ नकोस. दुसऱ्यांदा मागितली तरी.

तुझा धाकटा

ता. क. आईला वाचून दाखवताना टाकीमागचं तेवढं गाळ. नाहीतर राहू दे, वाच, तिला माहितीच आहे.